गोप्याला चौकीवर नेलं तेव्हा

आमच्या घरी कायदा रोज पंगतीला असायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, कल्याणच्या कोर्टात वकील होते. दिवसभर कोर्टात जे बोलायचं राहून जाई, ते सगळं संध्याकाळी आमटीच्या भुरक्याबरोबर आमच्या कानांवर पडे. त्यामुळे पाढे यायच्या आधीच मला वारंट, जामीन, फिर्याद, मुद्देमाल हे शब्द तोंडपाठ झाले. भातुकलीत मी बाहुलीला जामिनावर सोडत असे. आई कपाळावर हात मारून म्हणायची, "या कार्टीला कोण नांदवणार? सासूकडे समन्स मागेल ही." मागितलं नाही, पण मागावंसं पुष्कळदा वाटलं. ते असो.

घरातला पहिला आवाज मात्र कायद्याचा नव्हे, पाट्या-वरवंट्याचा. सकाळी मी जागी होई ती त्या घरघरीनेच. मागल्या पडवीत अंबूआत्या चटणी वाटायला बसलेली असायची. कधी तीळ, कधी कारळे, कधी ओलं खोबरं आणि हिरव्या मिरच्या. मिरच्यांचा खकाणा अंथरुणापर्यंत येई आणि आम्ही सगळे शिंकत उठत असू. तो वरवंटा काळाभोर, मधोमध किंचित फुगीर, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी इतका गुळगुळीत झालेला, की आत्या त्याच्यावरून ओला हात फिरवी तेव्हा तो चमकायचा. त्याला आमच्या घरात कुणी वरवंटा म्हणत नसे. तो गोप्या. माझ्या पणजीनं तो माहेराहून आणला होता, आणि पणजीची सगळी पोरं जगली-वाचली, धडधाकट निघाली, म्हणून त्याचा मोठा लौकिक. बारशाला वरवंट्याला कुंची घालून, काजळतीट लावून, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत पाळण्याखालून-वरून फिरवतात, ते कुणाला सांगायला नको. पाटा-वरवंटा प्रत्येक घरी असतोच; पण आमच्या नात्यागोत्यात, ओळखीपाळखीत कुठेही पाळणा बांधला, की आमच्या गोप्याला बोलावणं येई. तो परगावी गेला म्हणजे घरात चटणी बंद. अण्णा पानावर बसले, की डावी बाजू रिकामी बघून विचारायचे, "आज गोप्या दौऱ्यावर वाटतं?"

गोप्याला पोचवायचं आणि परत आणायचं काम अंबूआत्याचं. ती अण्णांची धाकटी बहीण. न्हाण येण्याआधीच तिचा नवरा गेला, आणि तेव्हापासून लाल आलवण, केशवपन, एकवेळचं जेवण आणि आमचं स्वयंपाकघर. एवढाच तिचा संसार. पण तोंड कसलं होतं तिचं! अण्णांसारख्या वकिलाला गप्प करणारी कल्याणात ती एकटीच. हसायला लागली की पदर तोंडात कोंबायची, तरी शेजारच्या आळीत ऐकू जाई. कुणाचं मंगलकार्य असलं, की ती आपण होऊन मागल्या दारी बसायची. बारशाला तर पाळण्याच्या खोलीत पाऊल टाकायची नाही. गोप्या दारात सवाष्णींच्या हाती द्यायचा आणि परसात जाऊन घुगऱ्या शिजवायच्या. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसायचं नाही. आता आठवलं, की माझ्या म्हातारीच्या अंगाची लाही होते.

त्या दिवसांत अण्णांकडे एक खटला होता. पोलिसांनी कुणाला तरी वारंट नसताना धरलं होतं, आणि आठवडाभर आमच्या पंगतीत दुसरा विषय नव्हता. "शिपायाच्या मनात आलं म्हणून माणूस धरता येत नाही," अण्णा भात कालवता कालवता सांगत होते. "मोठा गुन्हा असला तर वारंट लागत नाही, कबूल. पण संशय वाजवी पाहिजे. वाजवी!"

आई वाढता वाढता म्हणाली, "मग माझी उलथनी-झारे लपवून ठेवते. घरफोडीची हत्यारं म्हणून न्यायचे."

दाराआडून आत्यानं विचारलं, "दादा, पण संशय वाजवी की गैरवाजवी, हे ठरवायचं कसं?"

"सोपं आहे, अंबू. चार शहाणी माणसं त्या शिपायाच्या जागी उभी केली, आणि जे त्यानं पाहिलं तेच त्यांनी पाहिलं, तर त्यांनाही तोच संशय यायला हवा. नुसतं डोकं फिरलं म्हणून नव्हे. डोळ्यांना दिसलं म्हणून." एवढं बोलून त्यांनी भुरका मारला. माझा नातू सध्या कायद्याचा अभ्यास करतो, तो मला याचं कलम सांगायला येतो. मी त्याला म्हणते, बाबा रे, मला ते कलम आमटीसकट पाठ आहे.

त्याच सुमारास डोंबिवलीच्या काकूंकडून निरोप आला. त्यांच्या लेकीला मुलगा झाला होता. आत्यानं गोप्याला घासूनपुसून पंच्यात गुंडाळलं, मला सोबतीला घेतलं आणि सकाळीच निघाली. "आगगाडीत बसून का जात नाहीस?" असं आईनं विचारलं, तर म्हणाली, "गाडीत सोवळं मोडतं, वैनी." सोवळं कसलं! खरं कारण ती आणि मी, दोघींनाच ठाऊक होतं.

कल्याणची शेवटची घरं मागे पडली आणि भातशेतं सुरू झाली, की एक जांभळाचं झाड लागायचं. तिथं आत्या मागेपुढे बघायची, मग कमरेच्या ओच्यातून एक कुंची काढायची. जुन्या खणांच्या तुकड्यांची, कडेला मणी लावलेली. तिनं स्वतः चोरून शिवली होती. झाडाखाली बसून ती गोप्याला कुंची घालायची, पंचा दुपट्यासारखा लपेटायची, हनुवटीखाली बंद बांधायची आणि त्याला खांद्याशी धरून चालू लागायची. चालताना पाठीवर थोपटायची. ऊन लागलं की पदर ओढायची. डोंबिवलीचं देऊळ दिसू लागलं, की पुन्हा झाडाआड जाऊन सगळं सोडायचं. कुंची ओच्यात, गोप्या पंच्यात. मला तिची एकच ताकीद असे: "ठके, कुंची घातल्यावर त्याला दगड म्हणायचं नाही. आणि घरी बोललीस तर पुन्हा मला कुणी पाठवणार नाही, समजलं?" मला समजलं होतं. घरी कळलं असतं, तर आईनं डोळे पुसले असते, अण्णांनी घसा खाकरला असता आणि गोप्या पोचवायला गडी ठेवला असता. मग आत्याला तेवढाही रस्ता उरला नसता.

त्या दिवशी हवा मोठी छान होती. भातं कापणीला आलेली, बांधांवर बगळे, रुळांवरून एक मालगाडी धापा टाकत गेली. ठाकुर्लीच्या अलीकडे डोक्यावर वांग्यांची पाटी घेतलेली एक आगरीण आमच्या बरोबरीनं चालू लागली. "कुनाचा पोर गो बाय?" तिनं विचारलं. आत्या नुसती हसली. बाई थोडा वेळ बघत राहिली. मग तिची नजर आत्याच्या आलवणावर गेली, मुंडण केलेल्या डोक्यावर गेली आणि पुन्हा कुंचीवर आली. "पोर हालत नाय तं!" ती म्हणाली आणि आमच्यापासून चार हात लांबून चालू लागली.

तिचा दोष नव्हता. रेल्वेच्या वस्तीतून एक तान्हं मूल नाहीसं झाल्याची आवई त्या आठवड्यात उठली होती. पुढे कळलं, ते मूल त्याची मावशी न सांगता आपल्या घरी घेऊन गेली होती. पण त्या सकाळी हे कुणाला माहीत? फाटकाजवळ पोलिसांची चौकी होती, आणि चौकीच्या दारात एक हवालदार मिशीला पीळ देत उभा होता. घाटावरून नुकताच बदलून आलेला, डगल्याची सगळी बटणं लावलेली. आगरीण सरळ त्याच्याकडे गेली आणि पाटीसकट त्याच्या कानाशी लागली.

"बाई, थांबा," हवालदार म्हणाला. "पोर कुनाचं हाय?"

आत्या थांबली. तिनं गोप्याला जरा घट्ट धरलं, आणि तेच वाईट दिसलं. मी आत्याच्या मदतीला धावले. आई म्हणायची, माझी मदत शत्रूलासुद्धा मिळू नये.

"आमच्या घरचा आहे," मी म्हटलं. "गोप्या नाव त्याचं."

"किती म्हयन्यांचा?"

"महिन्यांचा? माझ्या पणजीबरोबर आलाय तो."

हवालदारानं माझ्याकडे नीट पाहिलं. "आन् रडत का न्हाई? हालत का न्हाई? अफू चारून निजवलाय काय?"

"अफू कशाला? काल तीळ होते, परवा मिरच्या."

"अरं देवा!" आगरीण ओरडली. तोवर आणखी दोन-तीन बाया जमल्या होत्या. "तान्ह्या पोराला मिरच्या!"

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. 'दगड' एवढं सोडून मी सगळं खरं सांगत होते. हवालदार म्हणाला, "पोरगी येडी हाय," आणि माझं डोकं सणकलं. येडी म्हणे! मी कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिले. "वारंट कुठाय तुमचं?"

"वारंट लागत न्हाई."

"मग तुमचा संशय वाजवी आहे का?"

त्याचा पीळ देणारा हात मिशीवरच राहिला. "हे कुनी शिकवलं तुला?" मी 'अण्णांनी' म्हणणार, एवढ्यात आत्यानं दंडाला असा चिमटा काढला, की त्याचा काळानिळा डाग मी बारशाच्या दिवसभर बाहीखाली लपवला.

आम्हाला चौकीत नेलं. आत एक बाक, एक मडकं आणि भिंतीला लावलेला दंडुका. हवालदार वाईट नव्हता हो. मला त्यानं पाणी दिलं, आत्याला बसा म्हणाला, तिच्या अंगाला बोट लावलं नाही. पण हट्टी होता. "बाई, त्या कुंचीतलं पोर दाखवा, न्हाईतर नाव सांगा. कोन तुमी, कुनाच्या घरच्या. दोन्ही न्हाई केलं तर मला तुमास्नी कल्याणला फौजदारापुढं धाडावं लागंल."

कल्याणला! फौजदाराच्या कचेरीसमोरून अण्णा रोज कोर्टात जात. नाव सांगावं तर अण्णांना निरोप जाणार. कुंची उघडावी तर दारात जमलेल्या सगळ्या बाया बघणार, की एक बोडकी बाई वरवंट्याला पोर करून रस्त्यानं मिरवते. कुठल्याही वाटेनं गेलं तरी ती गोष्ट आमच्या उंबऱ्यापर्यंत येणार, आणि पुढच्या बारशाला गोप्या गड्याच्या खांद्यावरून जाणार. मला रडू फुटलं. मी मोठ्यानं रडले, आणि तेव्हासुद्धा आत्या माझ्या पाठीऐवजी गोप्याच्या पाठीवर थोपटत होती. तिला ते कळतही नव्हतं.

"बाईची झडती बाईनंच घ्याया पायजे," हवालदार आपल्याशीच पुटपुटला आणि मागच्या दाराकडे तोंड करून ओरडला, "अगं, जरा हिकडं ये!"

मागून घरघर ऐकू येत होती, ती थांबली. त्याची बायको आली, ती हात पुशीतच. कोपरापर्यंत लाल तिखटानं माखलेली, ठसठशीत कुंकवाची, रुंद चेहऱ्याची बाई. तिनं नवऱ्याचं म्हणणं ऐकलं, आत्याकडे पाहिलं, दारातल्या गर्दीकडे पाहिलं आणि म्हणाली, "झडती माज्या सैपाकघरात हुईल. हितं तमाशा न्हाई." आम्हाला आत घेऊन तिनं दार लावून घेतलं.

चुलीवर कालवण रटरटत होतं. पाट्यावर लाल मिरच्यांचा गोळा अर्धवट वाटलेला, आणि त्याच्या उशाला तिचा वरवंटा. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि पुढे केले. आत्या देईना. "द्या की," ती हळू म्हणाली. "मी काय खाती व्हय त्याला?" आत्यानं दिला. त्या वजनानं तिचे हात एकदम खाली गेले. "आगं बया!" तिनं कुंचीची कड दोन बोटांनी वर केली. मग आपल्या पाट्याकडे बघितलं. मग आत्याच्या तोंडाकडे. आत्यानं मान खाली घातली आणि एवढंच म्हणाली, "घरी सांगू नका."

मला वाटलं, आता ही हसणार. तिनं कड पुन्हा खाली केली. बंद सैल झाला होता, तो सोडून नीट बांधला. "गोप्या हाय न्हवं ह्यो?" तिनं विचारलं. "आमच्या गावाकडंबी ह्योच असतो. पर असा गुटगुटीत न्हाई बघितला." मग आत्या हसली, मी नाक पुसत हसले आणि ती बाई तर चुलीपाशी बसून हसली. बाहेरून हवालदारानं दार वाजवलं. "काय गं? काय गावलं?"

"गप ऱ्हावा जरा!" तिनं ओरडून सांगितलं. गोप्याला मांडीवरून खाली ठेवायला काही ती तयार नव्हती. जरा वेळानं तिनं पदर पसरला. "लगीन होऊन लई वर्सं झाली, बाई, पाळना न्हाई अजून. घाला त्याला माज्या पदरात. तुमच्या हातनं."

आत्या मागे सरकली. "माझ्या हातून नको हो. मी अशी."

"तुमच्याच हातनं. तुमच्यावानी मायेनं ह्याला कोन धरतंय?"

आत्यानं गोप्या उचलून तिच्या पदरात घातला. मला, जन्मात पहिल्यांदाच, काही बोलावंसं वाटलं नाही. निघताना आत्यानं तिला सांगितलं, "कधी लागला तर कल्याणला वकिलांच्या घरी निरोप धाडा."

बाहेर येऊन हवालदारीण गर्दीला म्हणाली, "पोर ह्यांच्याच घरचं हाय. निजलंय. उठवू नका." आणि नवऱ्याला बाजूला ओढून त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याचे डोळे मोठे झाले, मिशी थरथरली, खोकल्याची एक मोठी उबळ आली. पण माणूस भला. तोंड पुसून खणखणीत आवाजात म्हणाला, "खात्री झाली. संशय मिटला. चला, वाट सोडा!" आगरीण एक वांगं माझ्या हातात कोंबून म्हणाली, "माजा चुकला गो बाय." फाटकापर्यंत हवालदार आमच्याबरोबर आला. तिथं त्यानं हळूच म्हटलं, "बाई, राग मानू नगा. पर दगूड असा कोन धरतंय? म्याच काय, कुनीबी धरलं असतं तुमास्नी."

तो वळला आणि आत्या जी हसायला लागली, ती थांबेचना. पदर तोंडात कोंबायचीही शुद्ध नव्हती तिला. डोळ्यांतून घळघळा पाणी. मला आधी कळेना, हसते आहे की रडते आहे. "ठके," ती म्हणाली, "ऐकलंस का गं? कुणीही धरलं असतं म्हणाला. चार शहाण्या माणसांना तोच संशय आला असता. वाजवी होता गं त्याचा संशय, अगदी वाजवी!" ठाकुर्ली ते डोंबिवली ती हे पुन्हा पुन्हा म्हणत होती. एखादीला पैठणी मिळावी तसा तिचा चेहरा फुलला होता. तिकडे बारसं झालं, घुगऱ्या झाल्या, सुंठवडा झाला. आत्या नेहमीप्रमाणे परसात बसली, पण त्या दिवशी तिच्या हातच्या घुगऱ्यांत मीठ दुप्पट पडलं होतं आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

पुढल्या भातकापणीच्या सुमारास एका सकाळी आमच्या दारात डगला-पट्टा घातलेला पोलीस उभा राहिला. आईच्या हातून तांब्या पडला. अण्णा कोट चढवत बाहेर आले आणि वकिली आवाजात म्हणाले, "काय हवालदार? कुणावर संशय आहे?"

"संशय न्हाई, सायेब. पाळना हाय." हवालदार मिशीतल्या मिशीत हसत होता. "मुलगी झाली. बारशाला गोप्या पायजे. आन् घिऊन यायला त्या आत्याबाई."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, मग दाराआड उभ्या असलेल्या आत्याकडे, मग माझ्याकडे. मी छताकडे बघू लागले. "अंबू? ती बारशाला कशी येईल?"

"आमच्या घरातनं तसा हुकूम हाय. पाळन्यापाशी त्याच बाई पायजेत, न्हाईतर नाव ठेवायचं न्हाई म्हंती." आणि जरा थांबून म्हणाला, "वारंट समजा, सायेब."

अण्णा वकील होते. काहीतरी त्यांच्या ध्यानात आलं असणार. त्यांनी घसा खाकरला. "संशयाला जागा आहे," ते म्हणाले, "पण मी काही चौकशी लावत नाही. जा, अंबू. ठकीला ने."

शेवटची घरं मागे पडली. जांभळाचं झाड आलं. आत्या थांबली, हवालदार पुढे होता, तोही थांबला. त्यानं झाडाकडे पाहिलं, आत्याच्या हातातल्या पंच्याकडे पाहिलं, आणि लगेच आमच्याकडे पाठ करून रुळांकडे तोंड केलं. "घाला त्याला कुंची," तो म्हणाला. "म्या बघत न्हाई."

आत्यानं ओच्यातून कुंची काढली. झटकली. गोप्याला घातली, हनुवटीखाली बंद बांधला आणि त्याला खांद्याशी धरून वाटेच्या मधोमध उभी राहिली.

"बघा की, हवालदार," ती म्हणाली. "आता खुशाल बघा."